आधी रिकामं तोला

काटेबाबूंचं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या निरोपसमारंभात. हार घालायचा म्हणून त्यांनी हेल्मेट काढलं आणि सगळा हॉल माना उंचावून पाहू लागला. इतकी वर्षं एका कंपनीत काढून शेजारच्या माणसाला केस आहेत की नाहीत हे ठाऊक नसणं जरा विचित्रच, पण त्यांच्या घराशेजारचा एकजण सोडला तर आमच्यातल्या कोणालाच ते ठाऊक नव्हतं. होते. चांगले दाट, पांढरेशुभ्र होते.

घरून मोटरसायकलवर यायचे ते हेल्मेट घालून, आणि ट्रक तोलायच्या काट्याच्या खोलीत बसल्यावरही ते डोक्यावर तसंच. जेवताना समोरची काच वर करायची, घास आत, काच खाली. एका नव्या मॅनेजरनं हटकलं तेव्हा त्यांनी त्याला हाताला धरून फाटकाशी नेलं. तिथल्या बोर्डावर लिहिलं होतं की परिसरात हेल्मेट घालणं सक्तीचं आहे. ‘कोनतं घालावं ते लिहिलं नाई साहेब,’ एवढं बोलून ते परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले. कंपनीनं सगळ्यांना दिलेली पिवळी टोपी त्यांनी कांदे ठेवायला वापरली.

आमची कंपनी बालाघाटजवळ, भरवेली रस्त्यावर. खाणीतलं मँगनीज आणायचं, चाळायचं, ट्रकात भरून पाठवायचं, हा धंदा. त्यामुळे आमच्याकडे टेबलं, फायली, चहाचे कप आणि माणसं, सगळ्यांवर काळ्या पुडीचा एक पातळ थर असतो. माझं टेबल पगार, रजा आणि बाकीच्या कटकटींचं. खिडकीतून समोरच ट्रकचा मोठा काटा दिसतो. ट्रक आधी रिकामा काट्यावर चढतो, त्याचं वजन लिहितात. मग माल भरून पुन्हा चढतो. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की मालाचं वजन कळतं. यात शहाणपण असं काही नाही, पण काटेबाबूंनी या वजाबाकीतून एक अख्खं तत्त्वज्ञान काढलं होतं आणि ते त्यांनी आमच्यावर मोकळेपणानं उधळलं.

काहीही विचारा. कूलर घेऊ का, मुलीला नागपूरला शिकायला पाठवू का, दाढ काढू का. उत्तर ठरलेलं: ‘आधी रिकामं तोला.’ म्हणजे ती गोष्ट नसताना तुमचं कसं चाललंय ते आधी सांगा, मग घेतल्यावर काय वाढतं ते पाहू. मी एकदा स्कूटी घेऊ का म्हणून विचारलं. स्कूटीविना कशा येता, त्यांनी विचारलं. बसनं, मी म्हटलं. बसमध्ये काय करता? झोपते. ‘स्कूटीवर झोपता येईन काय?’ मुद्दा मला पटला आणि मी स्कूटी घेतली नाही. पुढच्याच महिन्यात ती बस बंद झाली. मी रागानं त्यांच्या खोलीत गेले तर ते शांतपणे म्हणाले की काटा बदलला, वजन बदललं, आता घ्या. चुकलो असं म्हणायची त्यांची पद्धत नव्हती.

दुसरं खूळ सहीचं. कोणत्याही कागदावर ते त्याच दिवशी सही करत नसत. सही झोपून उठल्यावर. त्यांचं म्हणणं असं की संध्याकाळचा माणूस आणि सकाळचा माणूस हे दोन वेगळे लोक असतात आणि त्यातल्या सकाळच्यावरच त्यांचा भरवसा आहे. कुरिअरवाला त्यांच्यासाठी दोनदा यायचा. दिवाळीच्या मिठाईचा डबा मिळाल्याची सहीसुद्धा दुसऱ्या दिवशी, म्हणून डबाही दुसऱ्या दिवशी, तोवर माझ्या कपाटात त्याला मुंग्या लागलेल्या. त्या मुंग्या ते डब्यावर टिचकी मारून झटकायचे आणि आनंदानं खायचे. मिठाई, मुंग्या नव्हे.

अशा माणसाच्या आयुष्यात वकील योजना आली.

कंपनीनं जाहीर केलं की ज्याला हवं त्यानं दरमहा पगारातून थोडी रक्कम कापून द्यावी, त्याबदल्यात वर्षभर वकील फुकट. फोनवर सल्ला, कागद वाचून देणं, नोटीस पाठवणं, भाडेकरार, मृत्युपत्र, सगळं. आईवडिलांचंसुद्धा. समजवायला जबलपूरहून एक तरुण मॅडम आल्या. हिंदीत फार छान बोलल्या आणि काहीही लपवलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. काय मिळेल ते सांगितलं आणि काय मिळणार नाही तेही: कोर्टात आधीपासून चालू असलेलं प्रकरण चालणार नाही, कंपनीविरुद्ध चालणार नाही, नोकरी सुटली की योजनाही संपेल, आणि एकदा नाव दिलं की वर्षभर निघता येणार नाही. पण तेवढ्यात समोसे आले आणि लोकांचं लक्ष उडालं. नाव द्यायला शनिवारपर्यंतची मुदत होती.

आमच्या लोकांचं सासर-माहेर सीमेपलीकडे गोंदियाकडे, शेती अलीकडे हट्टा-किरनापूरकडे, त्यामुळे भांडणं दोन राज्यांत वाटलेली. वकील कोणालाच नको असतो असं नाही. पण मॅडमवर विश्वास ठेवण्यापेक्षा काटेबाबूंना विचारणं सगळ्यांना सोयीचं वाटलं. आठवडाभर काट्याच्या खोलीसमोर ट्रकवाल्यांपेक्षा आमच्याच लोकांची रांग जास्त. कँटीनच्या मावशींनी एक खोली भाड्यानं दिली होती आणि भाडेकरू करार करायला तयार नव्हता. त्यांना म्हणाले, घ्या. एका ड्रायव्हरचं प्रकरण कोर्टात केव्हापासूनच पडलेलं, त्याला म्हणाले, तुले काही कामाची नाही. एका लग्न न झालेल्या, जमीन नसलेल्या पोरानं विचारलं तेव्हा त्यांनी त्याला खालीवर पाहिलं आणि सांगितलं की तुझ्याजवळ भांडायला आहेच काय, आधी काही कमव. मी म्हटलं, माझा दीरच वकील आहे, मला कशाला?

‘दीर वकील हाय ना ताई, म्हनूनच घ्या,’ ते म्हणाले. मी घेतली.

बाकी सगळ्यांचं त्यांनी तोललं, स्वतःचं मात्र बोलेनात. आणि खरं पाहता त्या योजनेत सगळ्यांत जास्त अडकलेले तेच होते. त्याला कारण वर्कशॉपचे फोरमन.

फोरमन आणि काटेबाबू एकाच वर्षी नोकरीला लागलेले. बालाघाटात दोघांनी मिळून लागून-लागून प्लॉट घेतले, दोन घरं बांधली, मधली भिंत एक आणि स्लॅबवर जायचा जिनाही एकच, निम्मा याच्या जागेत, निम्मा त्याच्या. दोन जिन्यांचं सिमेंट वाचलं म्हणून तेव्हा फार खुश होते. उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं स्लॅबवर एका ओळीत अंथरुणं टाकून झोपायची. मग फोरमनच्या मुलाचं लग्न ठरायला आलं आणि त्याला खोली हवी झाली. जिना पाडून तिथं खोली काढू, असं फोरमन म्हणाले. काटेबाबू म्हणाले, मग मी स्लॅबवर कसा जाऊ? यावर तोडगा दहा मिनिटांत निघाला असता. त्याऐवजी दोघांनी बोलणंच सोडलं. जिना राहिला, मुलाचं लग्न लांबत गेलं. स्लॅबवर दोघं अजूनही झोपत, फक्त आता एकाचं डोकं पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला.

योजनेत पहिलं नाव फोरमननं दिलं, पहिल्याच दिवशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आता जिन्याची नोटीस फुकटात जाणार. बाहेरचा वकील त्यांनी कधीच केला नसता. फोरमनचा हात खिशाकडे जाताना वाटेत थबकतो, हे सबंध वर्कशॉपला माहीत आहे. पण फुकटचा वकील हाती आला म्हणजे प्रकरण वेगळं. काटेबाबूंचा जिना जाणार असं सगळ्यांना वाटलं, आणि मला त्यांची फार काळजी वाटली. म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या चढणारा माणूस तो नव्हता. प्रत्येक कागदाला एक रात्र लावणाऱ्या माणसाला कोर्टानं उभं केलं असतं का, हाही प्रश्नच होता.

शुक्रवारी ते माझ्याकडे आले आणि मॅडमना फोन लावून द्या म्हणाले. मी लावून दिला. त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली: भांडणारे दोघंही एकाच कंपनीतले आणि दोघंही योजनेत असले तर वकील कोणाकडून? मॅडमनी दोन्ही वेळा तेच सांगितलं, कोणाकडूनच नाही. हे त्यांनी समोशांच्या आधीही सांगितलं होतं, पण माझ्यासकट कोणाच्याच ते लक्षात राहिलं नव्हतं. काटेबाबूंनी फोन ठेवला, हेल्मेटची काच खाली केली आणि फॉर्म घेऊन घरी गेले. शनिवारी सकाळी सही करून आणून दिला.

आता यात झालं असं की काटेबाबूंनी सही केली, ही बातमी वर्कशॉपपासून कँटीनपर्यंत पसरली. का केली ते कोणी विचारलं नाही. मुंग्यांच्या मिठाईलाही एक रात्र लावणाऱ्या माणसानं ज्या अर्थी सही केली त्या अर्थी योजना सोन्याची असणार, असा सगळ्यांनी हिशोब केला. दुपारपर्यंत माझ्या टेबलापुढे ही गर्दी. ज्यांना त्यांनी घेऊ नको म्हणून सांगितलं होतं तेही आले. कोर्टातल्या प्रकरणाचा ड्रायव्हर आला, भांडायला काही नसलेला पोरगा आला. संध्याकाळपर्यंत मॅनेजरसकट सगळी कंपनी योजनेत होती. मी प्रत्येकाला सांगत होते की अरे, त्यांनी तुला नको म्हटलं ना? प्रत्येकजण म्हणायचा, पण त्यांनी स्वतः तर घेतली.

पुढच्या आठवड्यात फोरमननं वकिलाला फोन केला आणि समोरची पार्टी कोण ते सांगितलं. वकिलानं नाव तपासलं आणि नम्रपणे हात वर केले. फोरमन फोन तसाच हातात धरून वर्कशॉपमधून निघाले ते थेट काट्यावर. मी तेव्हा ट्रकांच्या वजनाची चलनं घ्यायला तिथंच गेले होते, आणि खरं सांगायचं तर चलनं मिळाल्यावरही उभीच राहिले.

‘तू मायावाला वकील बंद केला,’ फोरमन म्हणाले. कित्येक वर्षांत ते काटेबाबूंशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

‘मायावालाही बंद केला,’ काटेबाबू म्हणाले.

‘काहून पन?’

‘आता तुह्याकडून कोनी नाई, मायाकडून कोनी नाई. काटा रिकामा हाय. आता आपन दोघंच चढू.’

फोरमन चढले नाहीत. बाहेरचा वकील करतो, पैसे टाकून करतो, असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले. मागून काटेबाबू ओरडले, ‘कर ना! पन सही उद्या कर.’

बाहेरचा वकील काही झाला नाही. पण बोलणंही झालं नाही. ते वर्ष आमच्या कंपनीत फार गमतीचं गेलं. इलेक्ट्रिशियनच्या बकरीनं कॅशियरच्या दारातली कढीपत्त्याची अख्खी झाडं खाल्ली आणि कॅशियरनं मोठ्या उत्साहानं वकिलाला फोन लावला, तर बकरीचा मालकही सभासद. दोन क्लार्कांचा नळाचा वाद, दोघंही सभासद. आमच्या लोकांची सगळी भांडणं आमच्याच लोकांशी होती, हे तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वकील मिळेना म्हणून मग सगळे काट्याच्या खोलीत जाऊन भांडायचे आणि चहा पिऊन परत यायचे. जबलपूरच्या मॅडमनी मला फोन करून विचारलं की तुमच्याकडे लोक इतके समाधानी कसे, तक्रारच नाही. मी म्हटलं, मॅडम, योजना फार चांगली आहे. खोटंही नव्हतं ते. मावशींचा भाडेकरार खरंच त्याच योजनेतून झाला.

वर्ष संपत आलं आणि काटेबाबूंच्या निवृत्तीचा दिवसही जवळ आला. नोकरी सुटली की योजना संपते. म्हणजे त्यांनी काट्याची किल्ली टाकली की फोरमनचा वकील पुन्हा मोकळा. हे गणित एव्हाना चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. निरोपाच्या तयारीत निम्मी चर्चा हाराची आणि निम्मी जिन्याची.

निरोपाच्या आदल्या दिवशी फोरमन माझ्याकडे आले आणि एक अर्ज टेबलावर ठेवला. पुढच्या वर्षी मला योजना नको, माझं नाव काढा. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, ‘मले वकिलाचं काम नाई.’ आणि मान खाली घालून निघून गेले. त्या माणसाला आपण कधी कंजूष म्हटलं होतं हे मी त्या क्षणी विसरले. वकील हाताशी असला तर एखाद्या दिवशी डोकं फिरेल आणि आपण नोटीस पाठवू, ही त्यांना स्वतःचीच भीती होती, म्हणून ते वकीलच सोडून देत होते.

माझ्या पोटात काही राहत नाही. मी सरळ काट्यावर गेले आणि सांगितलं. मला वाटलं, काटेबाबूंचा चेहरा खुलेल. काचेआड तो काही दिसला नाही. ते उठले, वर्कशॉपमध्ये गेले आणि फोरमनना दंडाला धरून माझ्या टेबलापुढे आणून उभं केलं.

‘तुह्या बापाचं मृत्युपत्र कोन करन?’

फोरमनचे वडील हट्ट्याला असतात. चार मुलं, शेत एक. आपण गेल्यावर पोरं एकमेकांची डोकी फोडतील म्हणून म्हातारा कधीचा मृत्युपत्राच्या मागे लागला होता. योजनेत ते फुकट होतं, आणि फोरमननं वर्षभर उद्या-उद्या करत तसंच ठेवलं होतं.

‘पाहू ते,’ फोरमन म्हणाले.

‘पाहू काय पाहू? बुढा गेल्यावर पाहशीन? रिकामं तोलून पाय. वकील नसला त तुमी चौघं भाऊ काय कराल, सांग मले.’

फोरमननं टेबलावरचा आपला अर्ज उगाच सरळ केला. मग म्हणाले, ‘योजना ठेवली त वकील भी राहीन. तू परवापासून सभासद नाई. मंग जिन्याचं मनात आलं माया, त?’

‘आलं त पाठव नोटीस. जिना गेला त गेला. पन बुढ्याचा कागद झाला पाह्यजे.’

आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘ताई, याचं नाव काढू नका.’

माझे डोळे भरून आले, ते मी काळ्या पुडीवर ढकललं. जिना जाईल अशी वाट ते स्वतःच्या हातानं उघडून देत होते, आणि तीही निरोपाच्या आदल्या दिवशी. फोरमननं अर्ज उचलला, दोनदा घडी केली आणि म्हणाले, सांगतो उद्या. दुसऱ्या दिवशी काटेबाबूंना हार घालून झाल्यावर फोरमननं तो अर्ज माझ्यासमोर फाडला.

मृत्युपत्र झालं. त्याची हकीकत मला फोरमननंच सांगितली. योजनेचा वकील हट्ट्याला गेला, कागद वाचून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. साक्षीदार म्हणून काटेबाबूंना नेलं होतं, आणि ऐन वेळी ते म्हणाले की सही उद्या सकाळी. वकील हादरला. म्हातारा खाटेवरून उठून बसला आणि ओरडला की मी आज रातच्याला मेलो त? काटेबाबू म्हणाले, ‘मंग आज झोपू नका.’ शेवटी वकिलाला तिथंच मुक्काम करावा लागला आणि सकाळी चहानंतर सह्या झाल्या. म्हातारा अजून ठणठणीत आहे आणि त्याला काटेबाबूंचा राग गेलेला नाही.

परवा पुन्हा योजनेचं नूतनीकरण आलं. फोरमन फॉर्म घ्यायला आले. त्यांच्या मुलाचं लग्न झालं, हे मला पत्रिकेवरून माहीत होतं. खोली स्लॅबवर बांधली, थोडी काटेबाबूंच्या स्लॅबवर आली तरी त्यांनी काही म्हटलं नाही, आणि वर चढायला तोच जिना. हल्ली काटेबाबू सकाळी तिथंच पायरीवर हेल्मेट घालून पेपर वाचत बसतात, असं ऐकलं. पूर्ण वर्षभर वकील मोकळा होता. मला राहवलं नाही. मी विचारलं, मग त्या नोटिशीचं काय झालं?

फोरमननं खिडकीबाहेर काट्याकडे पाहिलं. तिथं आता कोणी नवा माणूस बसतो, पिवळी टोपी घालून.

‘रिकामं तोलून पाह्यलं ताई,’ ते म्हणाले. ‘त्या हेल्मेटवाल्याविना तो जिना तोलला. वजनच नाई भरलं.’

मग त्यांनी फॉर्म खिशात टाकला आणि सही उद्या करतो म्हणाले.